दान पडलं ते पडलं

कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी सत्तरीच्या आसपासच्या गृहस्थाने लेखणी उचलली की पुढचे सगळे वाचकाला पाठच असते. डोळे बिघडतात, पाठीला बाक येतो, मुले हिंसक होतात, आणि शेवटी 'आमच्या वेळी विटीदांडू होता'. विटीदांडूने आमच्या आळीत दोघांचे डोळे थोडक्यात वाचले आणि एकाचे पुढचे दात वाचले नाहीत, ही हकिगत मात्र अशा लेखांत कधी येत नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मला खेळाविरुद्ध काहीही म्हणायचे नाही. खेळ उत्तम आहे. माझे भांडण आहे ते खेळणाऱ्यांशी, आणि तेसुद्धा त्यांच्या एका बोटाशी. कीबोर्डाच्या सगळ्यात वरच्या ओळीत 'एफ ८' म्हणून एक बटण असते. त्या बटणावर जाणारे बोट, एवढाच माझा शत्रू.

पण ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना भांडणाचे मूळ कळायचे नाही. खेळाचे नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या गेंट गावच्या लॅरियन स्टुडिओज या मंडळींनी तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त आमच्याकडे राहतो. त्याने एका रविवारी मला खुर्चीत बसवले आणि "काका, फक्त पंधरा मिनिटं बघा" असे म्हणाला. त्या पंधरा मिनिटांना आता तीन आठवडे झाले. मी अजून पहिल्याच अंकात आहे. पुतण्या म्हणतो, या वेगाने माझे दिवाळीपर्यंत काही खरे नाही. मी त्याला म्हटले, मी ३४ वर्षे विमा कंपनीत काढली आहेत, दाव्याचा कागद दिवाळीपर्यंत फिरवत ठेवणे मला नवीन नाही.

खेळ सुरू होण्याआधी आपण कोण ते ठरवावे लागते. माणूस व्हायचे, बुटका व्हायचे, लांब कानांचा एल्फ व्हायचे की अंगावर खवले असलेला कोणी? मग व्यवसाय. तो १२ प्रकारांतून निवडायचा. मग २७ गुण हाती देतात आणि ते शक्ती, चपळाई, काटकपणा वगैरे सहा खात्यांत वाटायला सांगतात. या सहांत बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळे मोजलेले आहे. हे पाहून माझे या खेळाविषयीचे मत एकदम चांगले झाले. आमच्याकडे दहावीच्या निकालापासून लग्नाच्या बैठकीपर्यंत ही दोन्ही खाती एकच धरतात, आणि फरक कळेपर्यंत लग्न झालेले असते.

मी 'बार्ड' झालो. आपल्याकडे भाट म्हणावा, शाहीर म्हणावा, त्यातला प्रकार. पुतण्या मला तलवारबहाद्दर करायला निघाला होता. पण बार्डाला 'व्हिशस मॉकरी' नावाचा एक मंत्र येतो, हे मी वाचले आणि हटून बसलो. मंत्र असा की, शत्रूकडे बघून एक जिव्हारी टोमणा मारायचा. टोमणा बसला की शत्रूची ताकद तिथल्या तिथे घटते, त्याचा पुढचा वार डळमळीत होतो, आणि गडी आधीच अर्धमेला असेल तर टोमण्याने मरतोदेखील. मी पुण्यात ४२ वर्षे राहिलो आहे. दुकानदारांकडून, घरमालकाकडून आणि शेजारच्या जोशीकाकूंकडून ही विद्या मी पदरमोड करून शिकलेला माणूस. तिचा कुठे उपयोग होईल असे वाटले नव्हते.

गोष्ट सांगत बसत नाही. आपल्याला एका उडत्या जहाजात कैद केलेले असते, आणि एक राक्षस आपल्या डोळ्यातून एक वळवळता किडा डोक्यात सोडतो. जहाज कोसळते, आपण वाचतो, किडा मात्र डोक्यातच. तो काढला नाही तर आपणही थोड्या दिवसांत तोंडाला ऑक्टोपससारखे पाय असलेले राक्षस होणार. तेव्हा वैद्य शोधत हिंडायचे. वाटेत सोबती भेटतात. एक चिडकी पुजारीण, एक जादूगार पंडित (याला जेवणासारख्या जादूच्या वस्तू खायला लागतात), एक हिरवट कातडीची लढवय्यी, आणि अस्टेरियन नावाचा एक देखणा, गोडबोल्या रक्तपिपासू.

ही मंडळी तुमच्याबरोबर नुसती चालत नाहीत. तुम्ही काही बोललात की पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटतात, अमक्याला हे पसंत आहे, तमकीला हे पसंत नाही. एका म्हातारीला मी रस्ता सोडला तर एकीला पसंत, दुसऱ्याला नापसंत. आमच्या घरीही हेच चालते, फक्त अक्षरे उमटत नाहीत, आमटी पातळ होते. पसंती-नापसंती लिहून कळवण्याची ही पद्धत प्रत्येक घरात यावी, असे मी सौभाग्यवतींना सुचवले. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. नापसंत.

आता फाशांकडे येतो. या खेळात महत्त्वाचे काही करायचे म्हटले, म्हणजे कुलूप उघडणे, खोटे बोलणे, कोणाची समजूत घालणे, की पडद्यावर एक वीस पैलूंचा फासा येतो. तो गरगरतो आणि थांबतो. ठरलेला आकडा गाठला तर जमले, नाहीतर नाही. तुमच्या अंगी गुण असतील तर दानात त्यांची भर पडते. पुजारीण शेजारी असेल तर तिच्या आशीर्वादाची भर पडते. पण २० पडले तर काहीही असो, जमलेच. आणि १ पडला तर तुम्ही साक्षात बृहस्पती असा, फसलेच. विम्याच्या धंद्यात उभे आयुष्य गेल्यामुळे मला हे पटायला क्षणही लागला नाही. शंभरात पाच वेळा काहीही होते. त्या पाचांवर तर आमचे पगार झाले.

हे खूळ बेल्जियमच्या मंडळींचे नव्हे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून काढला, त्याची ही वंशावळ. त्या खेळाला वीज लागत नसे. टेबल, कागद, पेन्सिल आणि चारपाच रिकामटेकडी माणसे पुरत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे आणि अडले की फासा टाकायचा. तो फासा टेबलावर सगळ्यांच्या देखत पडे. चौघांनी पाहिलेले दान परत उचलायचे म्हणजे चौघांशी वाद. ही भानगड कॉम्प्युटरने मिटवली. इथे दान बघायला आपल्याशिवाय कोणी नाही, आणि एफ ८ दाबले की आपणही पाहिले नव्हते असे धरून चालता येते.

एफ ५ दाबले की खेळाची आहे ती स्थिती जपून राहते. एफ ८ दाबले की आपण पुन्हा तिथे. मधले सगळे पुसले. जेवायला उठायचे असेल तर सोय चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पुतण्या आणि त्याचे मित्र प्रत्येक दानाआधी एफ ५ दाबतात आणि मनासारखे पडले नाही की एफ ८. एका कुलपासाठी मी त्याला ११ वेळा फासा टाकताना पाहिले आहे. पेटीत निघाला एक कांदा.

भांडण पेटले ते दुसऱ्या आठवड्यात. एका रानात झाडापेडांची उपासना करणारे ड्रुइड लोक राहतात. त्यांच्या आश्रयाला शिंगे आणि शेपट्या असलेले निर्वासित आलेले आहेत. त्यांतल्या एका पोरीने ड्रुइडांची पवित्र मूर्ती चोरली. त्यांच्या तात्पुरत्या म्होरकीने त्या पोरीला कोंडून तिच्यासमोर साप सोडला आहे. पोरीचे आईबाप बाहेर आडवलेले, आत जाऊन बोलेल अशा कोणाच्या तरी शोधात. मी आत गेलो. मी बार्ड, गोड बोलणे हेच माझे भांडवल. पुजारिणीचा आशीर्वाद घेतला. समजुतीचे वाक्य निवडले. फासा फिरला. १.

साप डसला. पोरगी गेली.

एवढ्यात मागून, कपात चहा ओतताना सांगावे इतक्या सहज, पुतण्या म्हणाला, "काका, लोड करा."

"म्हणजे?"

"एफ एट. मघाशी मी सेव्ह केलंय. परत टाका, वाचेल ती."

मी लोड केले नाही. बाहेर गेलो. तिच्या आईबापांपुढे उभा राहिलो आणि जे घडले ते सांगायचे वाक्य निवडले. चित्रातली माणसे, चित्रातले दुःख, हे सगळे मला कळते. पण ते वाक्य निवडायला मला चांगली तीन मिनिटे लागली, आणि ती तीन मिनिटे मी या खेळात आतापर्यंत घालवलेल्या वेळापैकी सगळ्यात मोलाची समजतो. पुतण्याने ही बाई पाच वेळा खेळ खेळून एकदाही पाहिलेली नव्हती. त्याच्या रानात पोरगी दर वेळी वाचते, आई दर वेळी हसते. त्या आईच्या रडण्यासाठी गेंट गावात कोणीतरी संवाद लिहिले, एका नटीने ते म्हटले, कोणी चेहरा हलवला. हरलेल्या दानापुढची गोष्ट लिहायला त्यांनी कष्ट घेतले, आणि आमचे शूर वीर ती न वाचताच पान उलटतात.

पुतण्याची बाजू मांडली पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. तो म्हणतो, "काका, दिवसभर ऑफिसात मनासारखं काहीच होत नाही. घरी येऊन तेवढं तरी होऊ दे की." हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण त्याचे ऑफिस मला माहीत आहे. त्याचे दुसरे म्हणणे असे, की फासा हा निव्वळ योगायोग, त्यात खेळणाऱ्याची लायकी कुठे दिसते? दिसत नाहीच. लायकी दिसते ती फासा थांबल्यावर. दान तुझ्या हाती नाही, पुढचे वाक्य आहे. आणि तू पुढच्या वाक्यापर्यंत जातच नाहीस, हीच तर माझी तक्रार.

"तुमच्या पिढीला काय जातंय बोलायला," हे तिसरे. इथे मात्र त्याने नको त्या ठिकाणी हात घातला. एफ ८ आमच्या पिढीला नवे आहे असे त्याला वाटते. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझे एक चुलतआजोबा होते. डावा कौल आला की ते गुरवाला म्हणायचे, "देवाला प्रश्न नीट कळला नाही वाटतं, जरा फिरवून विचार." विहीर खणावी काय, हा प्रश्न त्यांनी एका सकाळीत चार वेळा फिरवला. पाचव्यांदा उजवी पडली. विहिरीला पाणी लागले नाही ते नाहीच.

त्याहून जुना दाखला हवा तर महाभारत आहे. हस्तिनापुरच्या सभेत धर्मराज सर्वस्व हरला. पुढे जे झाले ते झाले, आणि शेवटी धृतराष्ट्राने घाबरून सगळे परत दिले. राज्य परत, भाऊ परत, द्रौपदी मोकळी. आमच्या पुतण्याच्या भाषेत सांगायचे तर म्हाताऱ्याने एफ ८ दाबले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात न लागतात तोच पुन्हा बोलावणे आले, पुन्हा पट मांडला, आणि धर्मराज पुन्हा बसला. बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. तेव्हा परत टाकल्याने बरे दान पडते हा समज निदान धर्मराजाच्या देशात तरी कोणी बाळगू नये.

बरे, खेळ करणारे काही अगदीच कठोर नाहीत. तुम्ही तुमच्या पात्राला शोभेल असे काही केलेत की 'इन्स्पिरेशन' नावाचा एक गुण मिळतो आणि तो खर्च करून फासा पुन्हा टाकता येतो. असे चारच साठवता येतात. मला हे मान्य आहे. कमावलेले, मोजके आणि खर्च होणारे. माझ्याकडे त्या वेळी एकही नव्हता, तो भाग वेगळा.

दुसरी एक सोय मात्र वाचून मी चष्मा पुसला. तिचे नाव 'कार्मिक डाइस', म्हणजे कर्माचा फासा. ही मुळातच चालू असते आणि तिचे काम काय, तर एका माणसाला सलग वाईट दाने पडू लागली की पुढचे जरा सांभाळून घ्यायचे! कर्म! अरे, सलग वाईट दाने पडतात त्यालाच आमच्याकडे कर्म म्हणतात. कपाळाला हात लावून म्हणतात. हा शब्द त्यांनी आमच्याकडून उचलला खरा, पण सोबतचे कपाळ न्यायचे राहिले. मी ती सोय पुतण्याकडून बंद करून घेतली.

मला राग आहे तो या साऱ्यामागच्या एका सवयीचा, आणि ती फक्त या खेळापुरती नाही. पुतण्याच्या मित्रांपैकी निम्मे जण खेळाबरोबर दुसऱ्या पडद्यावर मार्गदर्शिका उघडून बसतात. कुठल्या संवादात कितवे वाक्य निवडायचे, कोणाला सोबत घ्यायचे, म्हणजे शेवट 'उत्तम' होतो, हे सगळे तिथे तयार. ही मुले गाईडांवर वाढलेली आहेत. 'या परीक्षेला हे प्रश्न येणार' ही पुस्तके आम्हीच त्यांना आणून दिली, 'प्रस्तावना वाचू नकोस, उत्तर पाठ कर' हे आम्हीच सांगितले. शाळा आम्ही निवडली, शाखा शेजाऱ्यांच्या मुलाने निवडली, कंपनी कॅम्पसने निवडली. आता स्थळेसुद्धा इतकी गाळून येतात की नाही म्हणायला जागा राहू नये. या सगळ्यात मुलाने स्वतः टाकलेले आणि उलटे पडलेले असे एक तरी दान दाखवा. शेवटी एकदाचा असा खेळ हाती आला, जिथे फसले तर नोकरी जात नाही, अब्रू जात नाही, एक चित्रातली पोरगी जाते आणि मनाला चटका बसतो. फसायची इतकी स्वस्त शिकवणी दुसरी कुठे मिळणार? तर तिथेही हे गाईड घेऊन बसले आणि एफ ८ वर बोट.

हे सर्व मी पुतण्याला तीन रात्री जेवताना ऐकवले. चौथ्या रात्री त्याच्या काकूने 'भाजी गार होते' असा ठराव मांडून चर्चा बंद पाडली. पण परिणाम झाला म्हणायचा. या खेळात 'ऑनर मोड' म्हणून एक प्रकार आहे, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये मागाहून घातला. त्यात जपून ठेवलेली स्थिती एकच, एफ ८ चा धंदा बंद, आणि सगळे मेले की इज्जतीचा डाव संपला. तो पार केला तर सोन्याचा फासा मिळतो. चित्रातलाच. "तुम्हाला दाखवतोच," म्हणून पुतण्याने मागच्या शनिवारी तो सुरू केला.

रविवारी दुपारी तो पानावर येऊन बसला तो तोंड पाडून. एका गुहेत घुबडाचे डोके आणि अस्वलाचे धड असलेली एक मादी राहते. हा आपल्या तीन साथीदारांसह आत शिरला. पहिले दान बरे, दुसरे बरे, तिसऱ्याला पुजारीण पडली. तिला उठवायला गेलेला पंडित पडला. पळावे तर वाट अडलेली. तो भाकरी हातात धरून सांगत होता, कोण कुठे उभा होता ते वाटी-चमचे मांडून दाखवत होता, आणि आमटी गार झाल्याचे कोणाच्या लक्षात नव्हते. पाच वेळा हा खेळ संपवलेल्या या मुलाने आजवर त्यातली एक गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. सांगणार काय? सगळे व्हायचे तसेच झाले होते.

त्याची काकू, जिने तीन आठवड्यांत त्या पडद्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, ती पोळपाटावरचा हात थांबवून ऐकत होती.

"पण तुम्ही तिच्या गुहेत कशाला गेलात मुळात?"

"काकू, तिथं खजिना असतो. आणि तिचं पिल्लू होतं आत."

"पिल्लू होतं?" ती म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. "मग बरोबर केलं तिनं."